तांब्याची कांती

माझ्या पुतणीने स्वतःच्या हाताने घडविलेली कर्णभूषणांची पहिली जोडी ज्या संध्याकाळी माझ्यापुढे धरली, त्या वेळी तांब्याच्या त्या दोन वाटोळ्या चकत्यांवर दिव्याचा प्रकाश असा नितळपणे खेळत होता की, सोन्याच्या मागे धावणाऱ्या जगाने या धातूला स्वयंपाकघरात आणि देवघरात कोंडून ठेवले हा मोठाच अन्याय झाला, असे मला क्षणभर वाटून गेले. पंधरा दिवसांनी तीच जोडी घेऊन ती परत आली आणि काहीशा रडवेल्या स्वरात म्हणाली, "काका, हा बघा माझाच अंगठा." सही करता न येणाऱ्या पक्षकाराची ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ जुन्या खरेदीखताच्या तळाशी जशी उठलेली दिसते, तसा एका चकतीच्या ऐन मध्यावर तपकिरी रेषांचा एक संपूर्ण ठसा उमटला होता. जोडी डबीत ठेवताना तिने ती चकती सहज बोटांत धरली होती, एवढेच काय ते घडले होते. घामातील मीठ, दुग्धाम्ल आणि त्वचेवरील स्निग्धांश यांचे जे अदृश्य लिखाण तिच्या अंगठ्याने त्या वेळी करून ठेवले, ते हवेने सावकाश, पंधरा दिवस घेऊन, वाचता येईल असे करून दाखविले.

तांब्याच्या दागिन्याची निगा म्हणजे काय, याचा बराचसा उलगडा या एका अंगठ्यात होतो. परंतु त्यापूर्वी हा धातू काळा का पडतो, याची थोडी कैफियत ऐकून घेतली पाहिजे.

आपल्या भाषेने तांब्याच्या या विकाराकडे फार बारकाईने पाहिलेले आहे. दागिना काळवंडतो, भांड्यातले ताक कळकते, आणि भांड्याच्या कानाकोपऱ्यात जो हिरवा थर साचतो त्याला जंगाल म्हणतात. यांतला जंगाल हा शब्द फारसीतून आला आणि त्या पुटापासून केलेल्या हिरव्या रंगालाही लागू झाला. जुन्या चित्रांत हा रंग जेथे जेथे भरला आहे तेथे पुष्कळदा खालचा कागदच जळाल्यासारखा तपकिरी होऊन तुटलेला आढळतो, इतका तो आपल्या शेजाऱ्यांस बाधक. काळवंडणे, कळकणे आणि जंगाल चढणे या तीन अवस्था आहेत, आणि रसायनशास्त्रानेही त्या वेगवेगळ्याच मानल्या आहेत.

नुकते घासलेले, आम्लात धुऊन काढलेले शुद्ध तांबे वस्तुतः तांबडे नसतेच. ते गुलाबी असते, किंचित केशरी झाक असलेले. हवेत आणल्याबरोबर प्राणवायू त्याच्या पृष्ठभागाशी संयोग पावू लागतो, आणि क्युप्रस ऑक्साइड नावाच्या लाल संयुगाचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा त्यावर धरतो. ज्या वर्णाला आपण तांबडा म्हणतो, ज्या वर्णाचे नावच ताम्र शब्दापासून निघाले, तो वर्ण म्हणजे किंचित गंजलेल्या तांब्याचा वर्ण होय. तेव्हा दागिना ‘मूळ रंगावर’ राखावा असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा आपण गंजाच्या पहिल्या पायरीवर त्याला थोपवून धरावे, एवढेच म्हणत असतो. हा पापुद्रा वाढत वाढत मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या चारपाच पट झाला की डोळ्यांना फरक जाणवू लागतो, चकाकी मंदावते, तपकिरी छटा येते. पुढे हवेत गंधकयुक्त वायू असतील तर ताम्राचे सल्फाइड बनून काळेपणा चढतो, आणि ओलावा, कर्बद्विप्राणिद, मीठ किंवा आम्ल यांचा दीर्घकाळ सहवास घडला तर हिरवे क्षार जमतात.

या हिरव्या अवस्थेची भीती मात्र सरसकट बाळगण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा तो तांब्याच्याच रंगाचा होता, आणि त्याचा पत्रा अडीच मिलिमीटरही जाड नाही. पुढल्या काही दशकांत तो हिरवा पडला, आणि त्या हिरव्या कवचानेच आतल्या पत्र्याचे आजपर्यंत रक्षण केले. आपल्याकडील उदाहरण याहून नाजूक आहे. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात जे उत्खनन झाले, त्यात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका बालकाच्या दफनात गळ्यातील तांब्याचे मणी मिळाले, आणि त्या मण्यांच्या भोकांत ओवलेल्या दोऱ्याचे तंतू शिल्लक होते. सुती-रेशमी धागा जमिनीखाली इतकी शतके टिकावा हे स्वभावतः अशक्य. परंतु मण्यांपासून झिरपलेल्या ताम्रक्षारांनी बुरशी आणि जंतू यांना जवळ फिरकू दिले नाही, म्हणून तो राहिला. त्याच नदीकाठी, संगमनेरजवळच्या जोर्वे येथे १९५०-५१ साली तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडींबरोबर तांब्याची एक बांगडीही सापडली होती. महाराष्ट्रात तांब्याचे कंकण ही आजकालची हौस नसून सोन्याच्या कंकणांहून तिचे दफ्तर जुने असण्याचा संभव आहे.

परंतु कानात घालावयाच्या वस्तूस तीन हजार वर्षांचा हिशेब लावता येत नाही. ती पुढल्या रविवारी एखाद्या लग्नाला नेसलेल्या पैठणीवर शोभली पाहिजे, आणि त्यासाठी बंदोबस्त करावयाचा तो घडविणाऱ्याच्या ओट्यावरच सुरू करावा लागतो. पुष्कळशा फिर्यादी ज्या ग्राहकाच्या निष्काळजीपणावर ढकलल्या जातात, त्या मुळात कारागिराच्या अपुऱ्या धुण्यातून उद्भवलेल्या असतात, असे माझे निरीक्षण आहे. तांबे ठोकताना कठीण होत जाते. ते पुन्हा मऊ करण्यासाठी लाल होईपर्यंत तापवावे लागते. तापविले की वर काळी खपली आणि तिच्याखाली लाल थर येतो. आणि हा थर काढण्यासाठी सौम्य गंधकाम्लात किंवा चिंचेच्या कढत पाण्यात वस्तू बुडवावी लागते. सांधा जोडण्यासाठी डाखाबरोबर टाकणखार वापरतात, कथलाचा डाख असेल तर नवसागरासारखे क्लोराइड असलेले द्रव्यही वापरतात. यांपैकी कशाचाही अंश कडीच्या वळणात, दोन पत्र्यांच्या फटीत, किंवा तारेच्या वेटोळ्यात राहिला की तो हवेतील ओल शोषून घेतो, आणि महिन्याभरात नेमक्या त्याच जागी एक हिरवा ठिपका उगवतो. पुसला की जातो आणि पुन्हा येतो. यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: आम्लातून काढलेली वस्तू वाहत्या पाण्यात धुवावी, मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळावी, मऊ कुंचल्याने फटी साफ कराव्यात, पुन्हा साध्या पाण्याने धुऊन तत्काळ कोरडी करावी, आणि यापुढे तिला उघड्या बोटाने स्पर्श करू नये. माझी पुतणी आता शेवटचा हात सुती मोजे घालून फिरविते. पहिल्या जोडीने तिला एवढे शिकविले.

घरोघरी चालत आलेल्या चिंचेच्या उपायाबद्दल येथेच सांगितले पाहिजे, कारण ताम्हन आणि पळी-पंचपात्र जसे चिंच-मिठाने क्षणार्धात लख्ख होते तसेच दागिनेही होतात, आणि चूक येथेच घडते. चिंचेतील टार्टारिक आम्ल आणि मिठातील क्लोराइड मिळून ऑक्साइडचा थर विरघळवितात, हे खरे. परंतु तेच मीठ आणि तेच आम्ल मागे राहिले तर ते धातूवर नव्याने अंमल बसवितात. सकाळी घासलेले ताम्हन नुसते उपडे घालून ठेवावे आणि संध्याकाळी पाहावे. पाणी जेथे थेंबाथेंबाने सुकले तेथे लालसर-जांभळे डाग पडलेले असतात, आणि जे ताम्हन घासून लगेच फडक्याने खडखडीत पुसले ते तसेच उजळ राहिलेले असते. दागिन्याला चिंच लावायची तर पंधरावीस सेकंदांपुरती लावावी, आणि त्यात मोती, पोवळे किंवा शिंपला जडविलेला असेल तर मुळीच लावू नये. ही सगळी चुनखडीचीच रूपे, आम्लापुढे ती विरघळू लागतात. राख, रांगोळी, विटेची पूड यांनी घासणे भांड्याला मानवते, दागिन्याला नाही.

आता आच्छादनांकडे वळू. तांब्यापितळेला हवेपासून आणि आंबटापासून वेगळे राखण्याची आपली जुनी तजवीज म्हणजे कल्हई. भात्याच्या फुंकरीवर भांडे तापवून, नवसागराची चिमूट टाकून, वितळलेल्या कथलाचा हात कापसाच्या बोळ्याने फिरविणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिला आहे त्यांना पांढऱ्या धुराचा तो वास आठवेल. दागिन्याला कल्हई करणे म्हणजे तांब्याचे तांबेपणच झाकणे. मुलाम्याचेही तेच, आणि त्यात एक गंमत आहे: तांब्यावर सोन्याचा पातळ मुलामा थेट चढविला तर तांब्याचे अणू काळांतराने त्या सोन्यातून वर येतात आणि पृष्ठभागावर येऊन काळे पडतात. गिलिटाचा दागिना ‘उतरला’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेहमी सोनेच झिजलेले असते असे नाही. कित्येकदा खालचे तांबे वर चढलेले असते. म्हणून मुलामा देणारे मध्ये निकेलचा थर घालतात. पण निकेल काहींच्या त्वचेला सोसत नाही, आणि कानाच्या पाळीला खाज सुटली की दागिना डबीत जाऊन पडतो.

राहिले पारदर्शक लेप. लॅकर, म्हणजे ॲक्रिलिक किंवा नायट्रोसेल्युलोज यांचे द्रावण, फवाऱ्याने किंवा मऊ कुंचल्याने दिले की काचेसारखा थर बसतो आणि हवा बाहेर राहते. तो देण्यापूर्वी वस्तू ॲसिटोनने निःस्नेह करून किंचित कोमट करावी, म्हणजे ओल उरत नाही. आणि एक जाड थर देण्याऐवजी दोनतीन पातळ थर द्यावेत. लॅकर चांगला की वाईट, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. कर्णभूषणे, कपड्यावर लावण्याची पिन, गळ्यातील पदक, अशा ज्या वस्तूंना घर्षण कमी, त्यांना तो पुष्कळ दिवस सांभाळतो. अंगठीला आणि कड्याला तो देऊ नये. कारण लॅकरला एकदा चरा पडला की त्या चऱ्यातून हवा आणि घाम आत शिरतात, आणि थराच्या खालून काळ्या तंतूंचे एक जाळे कोळ्याच्या चालीने पसरू लागते. सर्वांगी सारखे काळवंडलेले तांबे एखाद्या वयस्क माणसाप्रमाणे भारदस्त दिसते, परंतु लखलखीत पृष्ठावर पसरलेले हे जाळे केवळ रोगट दिसते, आणि सगळा लॅकर ॲसिटोनने उतरविल्यावाचून त्याच्यापर्यंत हात पोचत नाही. मीही एकदा घाईघाईत नखांना लावण्याच्या बिनरंगी रोगणाने एक कडे लिंपले होते. तीन आठवड्यांनी ते ज्या अवस्थेत परत आले, तिचे वर्णन न केलेले बरे.

रोजच्या वापरातल्या वस्तूला मेण उत्तम. पण कोणते, हे पाहिले पाहिजे. आमच्या आजीच्या पिढीत तांब्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरविण्याची चाल होती, आणि दोन दिवस वस्तू खरोखरच चमकत असे. परंतु देवापुढच्या पितळी समईच्या तळाशी, वातीच्या नाकाड्यांभोवती, जो हिरवट मेणचट चिकटा जमतो, तो काय आहे? खवट होत जाणाऱ्या तेलातील मुक्त स्निग्धाम्ले पितळेतील तांब्याशी संयोग पावून झालेला तो एक प्रकारचा ताम्राचा साबण आहे. म्हणजे रक्षणासाठी लावलेले तेलच कालांतराने भक्षक ठरते. मधमाश्यांच्या मेणातही अशी मुक्त आम्ले थोडीफार असतात. याच कारणाने ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात, खनिज तेलापासून काढलेल्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचे एक मिश्रण तयार करण्यात आले, आणि जगभरच्या संग्रहालयांत धातूच्या वस्तूंवर ते आजतागायत वापरले जाते. तुरीच्या दाण्याएवढे मेण कापडावर घेऊन दागिन्यावर पातळ पसरावे, काही मिनिटे थांबावे, आणि स्वच्छ कापडाने जिल्हई यावी इतके घासावे. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. ज्यांना याहून टिकाऊ उपाय हवा, ते कारखानदार बेन्झोट्रायाझोल नावाचे द्रव्य वापरतात. ते तांब्याशी रासायनिक गाठ बांधून स्वतःच एक अदृश्य पडदा बनते. संग्रहालयांत १९६०नंतर प्राचीन कांस्यवस्तूंच्या हिरव्या रोगावर ते चालू झाले, आणि ताम्रवस्तूंसाठी म्हणून बनविलेल्या काही लॅकरांतही ते मिसळतात. मात्र ते हातमोज्यांनिशी हाताळायचे द्रव्य आहे. घरच्या मोरीत त्याचे प्रयोग करू नयेत.

पृष्ठभाग कसा घडविला आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते, आणि येथे पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीकडे बोट दाखवावेसे वाटते. तेथले मठारकाम, म्हणजे घडलेल्या भांड्यावर हातोडीच्या समान घावांनी उठविलेल्या ठोक्यांच्या ओळी, हे नुसते सौंदर्य नव्हे. मठारल्याने पत्रा कठीण होतो. आणि दागिन्याच्या दृष्टीने आणखी एक लाभ होतो: आरशासारख्या सपाट चकतीवर एक बोट लागले तरी ते चुगली करते, मठारलेल्या चकतीवर मात्र खळग्यांत काळेपणा आणि उंचवट्यांवर वापराने आलेली झळाळी अशी वाटणी आपोआप होत जाते, आणि दागिना वर्षभरात अधिकच देखणा होतो. पुतणीने दुसऱ्या जोडीपासून सपाट चकत्या सोडून दिल्या. कधी कधी तर ती आपण होऊन काळेपणा आणते: उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून झाकणाच्या डब्यात ठेवायचा, त्याला न शिवेल अशा बेताने दागिना वर टांगायचा, आणि दोनचार तासांत बलकातील गंधकाने तपकिरी रंग चढला की काढून उंचवटे तेवढे घासायचे. शत्रूला पगारी चाकरीत ठेवण्याचा हा प्रकार मला फार आवडतो. वास मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत घरात राहतो.

साठवणुकीविषयी थोडक्यात. आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की धातूवर पाण्याचा अदृश्य पापुद्रा धरतो आणि सगळ्या क्रिया वेग घेतात. कोकणात आणि मुंबईत आषाढापासून चार महिने हीच स्थिती, वर समुद्राचे मीठ. तेव्हा दागिना घट्ट मिटणाऱ्या छोट्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून, एकेकटा ठेवावा. लोकरीत गुंडाळू नये, रबर लावून पुडके बांधू नये. रबरात गंधक असतो, आणि जेथे रबर टेकले तेथे बरोबर तेवढ्याच रुंदीची काळी रेघ उठते. जुन्या धुवट लुगड्याचा तुकडा सर्वांत चांगला. अत्तर, तेल, पावडर सगळे आटोपल्यावर दागिना घालावा आणि घरी आल्यावर सर्वांत आधी तोच काढून पुसावा. या एका पुसण्याने जे साधते ते पुष्कळदा लॅकरनेही साधत नाही.

अंगठीखाली बोट हिरवे होते, त्याला मात्र खात्रीचा इलाज नाही. घामातील मीठ आणि स्निग्धाम्ले तांब्याशी मिळून जे क्षार करतात ते त्वचेवर उतरतात, साबणाने जातात, अपाय करीत नाहीत. आतल्या बाजूस दिलेला लेप काही आठवड्यांत झिजतो, आणि चांदीचे अस्तर लावले तर दागिना तांब्याचा म्हणून विकायचा की चांदीचा म्हणून, हा वाद. पुतणी हे सगळे गिऱ्हाइकाला आधीच सांगते, आणि काही गिऱ्हाइके तेवढ्यावरच परत जातात. परवा एक वृद्ध गृहस्थ तांब्याचे वळे मागायला आले. बोट हिरवे होईल म्हणताच ते प्रसन्न झाले. तांबे अंगात ‘उतरते’ याचाच तो पुरावा, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना सांगून पाहिले की, यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी संधिवाताच्या ७० रुग्णांवर घेतलेली एक चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली असून, तीत तांब्याच्या कड्याचा काहीही विशेष गुण आढळला नाही. त्यांनी माझे बोलणे शेवटपर्यंत, अत्यंत सभ्यपणे ऐकून घेतले. मग पुतणीकडे वळून म्हणाले, "पोरी, दोन दे. एक आमच्या विहीणबाईंना." आणि मेण लावू नकोस, असे बजावून गेले.